खडकाखालचं गाव आणि बाजारातल्या बाया

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

जेवणानंतरची वेळ आहे, म्हणून मला प्रवासाचं काहीतरी हलकंफुलकं सांगायला सांगितलंय. सांगते. पण मी ज्या गावाला जाऊन आले, तिथली गोष्ट सुरू होते प्रवासापासून आणि जाऊन पोचते कर, बाजार आणि मोर्चा यांच्यापाशी. त्याला माझा इलाज नाही. आणि मोर्चा म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणाला झोप येईल असं वाटत नाही.

गावाचं नाव अबेओकुटा. नैर्ऋत्य नायजेरियात, लागोसच्या उत्तरेला, ओगुन नदीकाठी. योरुबा लोकांचं जुनं शहर. खरं तर मोठं शहर, ओगुन राज्याची राजधानी, पण मी गावच म्हणणार. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे लागोसला राहते. तिच्याकडे महिनाभर होते. भाचजावई म्हणाले, "मावशी, तुम्हाला समुद्रकिनारा दाखवतो." मी म्हटलं, समुद्र मुंबईला आहे, मला अबेओकुटा दाखवा.

लागोसहून आता आगगाडी आहे. २०२१ साली सुरू झालेली लागोस-इबादान गाडी वाटेत अबेओकुट्याला थांबते. स्टेशनला वोले सोयिंकांचं नाव दिलंय. १९८६ साली साहित्याचं नोबेल मिळालेले सोयिंका याच गावचे, १९३४ चा जन्म. स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून पुढे जायला मिळाली ती तीनचाकी रिक्षा, तिथे तिला 'केके' म्हणतात. पुढे पाहिलं तर नाव बजाज! वाळूजला ज्यांच्या घरातली माणसं कारखान्यात आहेत त्या इथे बसल्यात, त्यांना सांगते, तुमच्या गाड्या तिथे मजेत धावतायत.

'अबेओकुटा' म्हणजे 'खडकाखाली'. गावात ओलुमो नावाचा प्रचंड खडक आहे. अठराशे वीसच्या दशकात योरुबा प्रदेशात आपसातल्या लढाया पेटल्या होत्या, गुलाम पकडून विकण्याचा धंदा जोरात होता. एग्बा लोकांची शंभरावर गावं उद्ध्वस्त झाली. जीव वाचवून आलेली माणसं १८३० साली सोडेके नावाच्या म्होरक्यामागे या खडकाच्या आश्रयाला आली आणि इथे वसली. प्रत्येक गावच्या लोकांनी आपली वस्ती वेगळी ठेवली आणि तिला आपल्या मोडलेल्या गावाचं नाव दिलं. इटोकु, केम्टा ही आजची मोहल्ल्यांची नावं म्हणजे तीच हरवलेली गावं. आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहती ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मी खडक चढले. पायऱ्या आहेत, बाजूला लिफ्टही बांधलीय, पण मी पायऱ्यांनीच गेले. मधे खडकाच्या पोटात बसकं, बुटकं भुयार आहे. लढाईच्या दिवसांत लोक तिथे लपायचे. त्याच्या जमिनीत वाटीएवढे खळगे आहेत. वाटाड्या तरुण सगळा इतिहास राजांचा सांगत होता. कुठला सरदार, कुठली लढाई. खळग्यांपाशी मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "इथे बायका धान्य आणि मिरची वाटायच्या." आणि पुढे निघाला. मी थोडी थांबले. लढाई चालू आहे, बाहेर गुलाम धरणारे आहेत, आणि आत पाटा-वरवंटा चालूच आहे. दगडाला खळगा पडेपर्यंत.

वरून सगळं गाव दिसतं. गंजलेल्या पत्र्यांची तांबूस छपरं, टेकड्यांवरून उतरत गेलेली, मधे नदी, चर्चचा मनोरा, मशिदींचे मिनार. फार सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू.

एग्बांचा मूळ वीर लिसाबी. अठराव्या शतकाच्या अखेरीला त्याने ओयो साम्राज्याचं जोखड झुगारलं. कसं? त्यांच्यात 'आरो' नावाची रीत होती. आज सगळ्यांनी मिळून माझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या. आपली इर्जिक, कोकणात ज्याला सावड म्हणतात तीच. या सावडीच्या आडोशाने लिसाबीने गुपचूप फौज बांधली. कामासाठी जमतो असं सांगून उठावासाठी जमायचं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे दीडशे वर्षांनी बायकांच्या हातात ती पुन्हा दिसणार आहे.

आता एका जबरदस्त बाईबद्दल. एफुनरोये टिनुबू. लागोसला तिच्या नावाचा चौक आहे. मोठी व्यापारी. लागोसच्या राजकारणात एवढी वजनदार की १८५६ साली ब्रिटिश वकिलाने तिला तिथून हुसकून लावलं. ती अबेओकुट्याला आली. शेजारच्या दाहोमी राज्याने या गावावर १८५१ आणि १८६४ असे दोन मोठे हल्ले केले, आणि दाहोमीच्या सैन्यात बायकांच्या पलटणी होत्या! म्हणजे तटाबाहेर बाया लढतायत आणि आत टिनुबू बंदुका-दारूगोळा पुरवतेय. दोन्ही वेळा दाहोमीची हार झाली. १८६४ साली गावाने टिनुबूला 'इयालोडे' केलं, म्हणजे सगळ्या बायकांची प्रमुख, दरबारात बसणारी. १८८७ साली ती वारली.

तिचा पुतळा, तिचं नाव, सगळं अभिमानाने दाखवतात. पण मैत्रिणींनो, ही बाई गुलामांचा व्यापार करायची. स्वतःकडे शेकडो गुलाम होते. ते मी इथे गाळणार नाही. बाई सत्तेत आली म्हणजे बायकांचं भलं झालं, असं एक सोपं गणित आपल्या बैठकांतून अधूनमधून मांडलं जातं. टिनुबूच्या घरात राबणाऱ्या गुलाम बाईला ते गणित कुणी समजावून सांगितलं असतं का?

इटोकुचा बाजार मात्र मी पोटभर पाहिला. हा आदिरेचा बाजार. आदिरे म्हणजे 'बांधून रंगवलेलं', आपली बांधणी म्हणा, पण निळीतली. आणि हे काम बायकांचं. रंगवणं बायकांचं, नक्षी काढणं बायकांचं, विकणं बायकांचं. (नक्षीचे पत्र्याचे छाप कापायला पुरुष आले, एवढाच त्यांचा शिरकाव.) एक प्रकार असा की कापड ताडाच्या धाग्याने आवळून बांधायचं. दुसऱ्यात खळ लावायची: कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायची, त्यात तुरटी आणि मोरचूद, आणि कोंबडीच्या पिसाने कापडावर नक्षी काढायची. जिथे खळ तिथे रंग धरत नाही. निळीचा पाला कांडून त्याचे गोळे वाळवायचे, राखेच्या पाण्यात आंबवायचे, मग कापड पुन्हापुन्हा बुडवायचं आणि वाऱ्यावर धरायचं. बाहेर काढताना ते हिरवट असतं आणि बघताबघता निळं होतं. आता सगळीकडे पाल्याची नीळ राहिलेली नाही, रासायनिक रंग आलेत, खळीच्या जागी मेण आलंय. नक्षींना नावं आहेत. 'इबादान गोड आहे' अशा अर्थाच्या नावाची एक नक्षी आहे. १९३५ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला, तर या बायांनी राजाराणीलाच कापडावर छापलं आणि विकलं. भक्ती म्हणून की धंदा म्हणून, कोण जाणे. माझा कौल धंद्याला.

एका दुकानात दोन तास बसले. दुकानदारीण साठीची असेल. तिकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, 'इया अमुक', म्हणजे अमक्याची आई. अगदी आपल्यासारखंच. लहान मुली येऊन गुडघे टेकून तिला नमस्कार करत होत्या. मला तिने आधी तिप्पट भाव सांगितला, मी निम्म्याच्या निम्मा केला, मग आमची मैत्री झाली. मी विचारलं, हा पैसा कुणाचा, तुमचा की घरचा? तिला प्रश्नच कळेना. भाचीने दोनदा समजावलं. मग ती हसत सुटली. "नवऱ्याचा पैसा नवऱ्याचा, माझा माझा. मुलांची फी मी भरली." सुनेला भांडवल तिनेच दिलं होतं, आणि त्याची फेड ती हिशेबाने घेत होती. लगेच स्वर्ग समजू नका. तिच्या नवऱ्याला दोन बायका होत्या, आणि मुलांचा खर्च बाईनेच उचलायचा ही रीत म्हणजे बापाला मिळालेली सूटही आहे. पण कनवटीचा पैसा स्वतःचा असणं ही गोष्ट त्या गावात पिढ्यानपिढ्या होती. आणि भांडण झालं ते त्याच पैशावरून.

ब्रिटिशांनी १९१८ साली अबेओकुट्यात रोखीचा कर बसवला. त्यावरून त्याच वर्षी उठाव झाला, तो चिरडला गेला. या कराची तऱ्हा अशी की बायकांवरही वेगळा कर. मुलींना पंधराव्या वर्षापासून, मुलग्यांना सोळाव्या. बायको नवऱ्यापेक्षा वेगळी करदाती! आजूबाजूच्या बहुतेक प्रदेशात असं नव्हतं. आता पंधरा वर्षं पूर्ण झाली हे कसं ठरवायचं? जन्माचे दाखले नव्हते. वसुलीला येणारे पुरुष मुलींचे कपडे उतरवून छाती पाहायचे. ही तक्रार बायकांनी वर्षानुवर्षं केली. आणि एवढा कर भरूनही ब्रिटिशांनी उभ्या केलेल्या स्थानिक कारभारात एकही बाई नव्हती. राजा, म्हणजे अलाके, आता ब्रिटिशांच्या वतीने एकट्याने कारभार पाहत होता. इयालोडेची दरबारातली जागा केव्हाच नावापुरती झाली होती. म्हणजे 'मागासलेल्या' बायकांना सुधारायला आलेल्या राज्याने त्यांची होती ती जागाही काढून घेतली, आणि करापुरतं मात्र समान मानलं.

दुसऱ्या महायुद्धात आणखी भर पडली. अन्नधान्य नियंत्रणाच्या नावाखाली बाजारात बायकांचा तांदूळ जप्त व्हायला लागला, फुकट नाहीतर पडेल भावाने.

इथे येतात फुनमिलायो रॅन्सम-कुटी. १९०० साली अबेओकुट्यातच जन्म. गावच्या ग्रामर स्कूलमधल्या पहिल्या मुलींपैकी. १९१९ ते १९२२ इंग्लंडमध्ये शिकल्या, आणि परत आल्यावर आपली ख्रिस्ती इंग्रजी नावं टाकून फुनमिलायो एवढंच ठेवलं. शिक्षिका, मुख्याध्यापकांची बायको. पुढे जगभर गाजलेला गायक फेला कुटी हा त्यांचा मुलगा. १९३२ साली त्यांनी सुशिक्षित बायकांचा 'लेडीज क्लब' काढला. शिवणकाम, पाककृती, मुलांचं संगोपन. म्हणजे आपलं भगिनी मंडळ. हळदीकुंकू तेवढं नव्हतं.

१९४४ च्या सुमाराला एका बाजारवाल्या बाईला लिहायवाचायला शिकायचं होतं, तेव्हा क्लबाने बाजारातल्या बायकांसाठी वर्ग सुरू केले. शिकवता शिकवता जप्तीच्या कहाण्या बाहेर आल्या. क्लबाने अर्ज केले, वर्तमानपत्रांत लिहिलं, आणि तांदळाची जप्ती थांबली. १९४६ साली क्लबाचं नाव बदलून 'अबेओकुटा विमेन्स युनियन' झालं. बैठका योरुबात व्हायला लागल्या. फुनमिलायोबाईंनी झगे घालायचं सोडलं आणि बाजारवाल्यांसारखं लुगडं नेसायला लागल्या. कुणाला हे वरवरचं वाटेल. मला वाटत नाही. पोषाख बदलला, भाषा बदलली, पण त्याआधी अजेंडा बदलला होता. शिवणकाम गेलं, कर आला. आपल्यापैकी किती जणींच्या मंडळांत भाजीवाली सभासद आहे, आणि असेल तर विषय कोण ठरवतं, हे संध्याकाळच्या गटचर्चेत बोलूच. युनियनने आपली सभासदसंख्या वीस हजार सांगितली होती.

मोर्च्याला परवाना मिळत नव्हता. म्हणून बायकांनी मोर्चा काढलाच नाही, 'सहल' काढली. कधी 'उत्सव'. लिसाबीची सावड आठवली का? हजारो बायका सहलीला निघाल्या, योगायोगाने सगळ्यांची वाट राजवाड्यावरून जाणारी. फुनमिलायोबाई घरी शिबिरं घ्यायच्या: अश्रुधूर सोडला तर नाकातोंडाला कापड कसं बांधायचं, नळकांडं परत कसं फेकायचं. अश्रुधुराची शिबिरं आपण अजून घेतलेली नाहीत, सूचना म्हणून नोंदवते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: युनियनने हिशेबनीस नेमून सरकारी जमाखर्च तपासला. कर कुठे जातो ते आकड्यांत मांडलं. घोषणा होत्याच, हिशेबही होता.

२९ नोव्हेंबर १९४७. आके भागातल्या राजवाड्यासमोर दहा हजारांवर बायका बसल्या. रात्रभर. डोक्याची फडकी सोडून कंबरेला बांधलेली. राजाला शिव्या देणारी गाणी, ती मात्र ठेक्यात आणि सुरात. डिसेंबरात पुन्हा तीन दिवस. मी त्या राजवाड्यासमोर उभी राहिले. मोकळी जागा फार मोठी नाही. दहा हजार बायका इथे कशा मावल्या असतील, असं वाटतं. रस्ते भरले असणार, बाजार सगळा इकडेच असणार. सोयिंकांची आईही या लढ्यात होती. तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, आणि 'आके' या आपल्या बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलंय. ते जरूर मिळवून वाचा.

पुरुषांनी एक हत्यार काढलं ते म्हणजे ओरो. ओरो हा पुरुषांचा गुप्त पंथ. त्याचा घुमणारा आवाज आला की बायकांनी घरात कोंडून घ्यायचं, पाहिलं तर मरण. बायकांना घाबरवायला ओरोची काठी बाहेर काढली, तर फुनमिलायोबाईंनी ती हिसकावून घेतली, असं सांगतात. आजही काही योरुबा गावांत ओरोच्या दिवसांत बायकांना बाहेर पडायची मनाई होते. मी विषय काढला तर आमचा तरुण वाटाडा, ओलुमोवर भराभर बोलणारा, एकदम गप्प झाला.

१९४८ साली बायकांवरचा कर स्थगित झाला. जुलैत अलाके गाव सोडून गेला, आणि जानेवारी १९४९ मध्ये त्याने पदत्याग केला. नव्या हंगामी समितीवर चार बायका आल्या. जिंकलं म्हणायचं? डिसेंबर १९५० मध्ये तोच अलाके परत गादीवर आला. राजे असे परत येतात. पण ज्या बायकांनी त्याला जाताना पाहिलं होतं त्या गावात होत्याच.

फुनमिलायोबाई पुढे देशाच्या राजकारणात गेल्या, तिथे पक्षाने त्यांना फार पुढे जाऊ दिलं नाही. ती कहाणी तुम्हाला ओळखीची वाटेल. त्या आंतरराष्ट्रीय लोकशाहीवादी महिला महासंघाच्या उपाध्यक्ष होत्या. आपलं भारतीय महिला फेडरेशन १९५४ साली स्थापन झालं तेही याच महासंघाशी जोडलेलं. तेव्हा इथल्या काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कानावर हे नाव तेव्हाच गेलं असेल. आपण विसरलो.

फेब्रुवारी १९७७ मध्ये लष्करी राजवटीच्या शेकडो सैनिकांनी लागोसला फेलाच्या घरावर हल्ला केला. शहात्तर वर्षांच्या फुनमिलायोबाईंना माडीच्या खिडकीतून खाली फेकलं. त्यातून त्या सावरल्या नाहीत. १३ एप्रिल १९७८ ला गेल्या. त्यांच्यासाठी अबेओकुट्यातल्या बाजारवाल्या बायांनी दुकानं बंद ठेवली.

आता आजचं. १ मार्च २०२२ ला नायजेरियाच्या संसदेने बायकांच्या हक्कांविषयीच्या दुरुस्त्या फेटाळल्या. त्यात बायकांसाठी जादा राखीव जागांची दुरुस्तीही होती. राजधानीत बायका संसदेच्या दारात जाऊन बसल्या. २०२३ च्या निवडणुकीनंतरही संसदेत बायका शंभरात पाचसुद्धा नाहीत. ओगुन राज्यात २०१९ पासून उपराज्यपालपदी एक बाई आहेत, तिकडे ते निवडून यायचं पद असतं. आणि इटोकुच्या बाजारात नवीन संकट आहे, चीनहून छापून आलेलं नकली आदिरे. लांबून तसंच दिसतं, किंमत कितीतरी कमी. माझी दुकानदारीण त्याला शिव्या घालत होती, आणि तिच्याच शेजारच्या दुकानात ते टांगलेलं होतं. मी विचारलं, मग तुमची बाजारसमिती काय करते? म्हणाली, "भांडतो. पण त्या बाईलाही मुलं आहेत."

आम्ही निघालो तेव्हा तिने पानात बांधलेला ओफाडा भात दिला. त्यावरचं मिरचीचं कालवण असं की भाचीच्या डोळ्यांतून पाणी, आणि मी आपली कोल्हापूरची म्हणून टिकले.

दोन कापडं आणली आहेत. एक खळीचं, हाताने काढलेलं, दुसरं छापील. मागच्या रांगेपर्यंत फिरवा, उलटंसुलटं करून पाहा, आणि कुठलं खरं ते सांगा. खुणेची गोष्ट सांगते: हाताने रंगवलेल्याची मागची बाजूही निळी असते. तोवर ज्यांना काही विचारायचंय त्यांनी विचारा. टिनुबूबद्दल बोलायला कुणी हात वर केलाय ते मला दिसलंय, आधी तुम्ही बोला.